पावणेचार किलोचा हुक

रजिस्टरमधली ती ओळ तो लिहिणारच नव्हता. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, दार आतून लावलेलं होतं आणि आकडे त्याच्या डोक्यात होते. डोक्यातच राहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तपासणीच्या खोलीतलं रजिस्टर बांधीव असतं, पानापानावर नंबर छापलेला. पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. एकदा लिहिलं की लिहिलं. म्हणून तर हात पुढे जात नव्हता.

पण आधी हुकचं सांगायला हवं.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब पत्र्याचं शेड. बाहेरून पंपांचे आणि गाड्यांचे पोलादी भाग यायचे. इथे ते तापवायचे, तेलात बुडवायचे, पुन्हा मंद तापवायचे आणि कडक, चिवट करून परत पाठवायचे. जमिनीत विहिरीसारख्या गोल दोन भट्ट्या होत्या. एक मोठ्या तापाची, साडेआठशे डिग्रीची. दुसरी कमी तापाची, तीनशेवीसची. भाग जाळीच्या बास्केटमध्ये भरून भट्टीत सोडायचे. वेळ झाली की झाकण सरकवायचं, वरून एक लांब हुक आत घालायचा, बास्केटच्या कडीत अडकवायचा आणि होईस्टने, म्हणजे वर टांगलेल्या साखळीच्या यारीने, ओढून घ्यायचं. भरलेलं बास्केट सहाशे किलोचं. ते होईस्ट उचलायचा. पण हुक कडीत घालायचा तो माणसाने, हाताने, तोंडावर झळ घेत.

तो माणूस म्हणजे पैलवान.

पैलवान नाव पडलं कारण वजन छप्पन किलो, तेही बूट घालून. एकोणीस वर्षं भट्टीवर. झाकणाच्या फटीतून येणाऱ्या झळीपुढे तळहात धरून तो ताप सांगायचा आणि मीटरपेक्षा पाच-दहा डिग्रीच इकडेतिकडे व्हायचा. मीटर बिघडला तेव्हा तीन दिवस अख्खं काम त्याच्या तळहातावर चाललं होतं.

आणि ज्याने हुक केला त्याला सगळे कॅटलॉग म्हणायचे. पोरगा पॅकिंगला लागला होता. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत धातू विकणाऱ्या कंपन्यांचे जुने कॅटलॉग वाचत बसायचा. कुठल्या धातूत काय काय मिसळलंय, कुठला किती ओढ सोसतो, सगळं पाठ. तपासणीवाला म्हातारा निवृत्त झाला तेव्हा साहेब म्हणाले, ह्याला बसवा तिथे, नाहीतरी बडबडतच असतो. तेव्हापासून तो, कडकपणा मोजायचं मशीन आणि ओढून तोडायचं मशीन, असे तिघं त्या खोलीत राहायचे.

दोघांच्या वयात पंधरा वर्षांचं अंतर. पण पैलवानाने पहिल्याच आठवड्यात दम भरला होता, "मला अहो-जाहो केलंस तर होईस्टला टांगीन." त्यामुळे अरे-तुरे. डबा एकत्र, शिव्या एकत्र.

एक दिवस डबा खाताना कॅटलॉगच्या लक्षात आलं की पैलवान डाव्या हाताने जेवतोय.

"काय रे, हात बदललास?"

"मेंदूला चांगलं असतं म्हणे."

"तुझ्या मेंदूला आता उशीर झालाय. दाखव खांदा."

"गप खा."

मग हळूहळू बाहेर आलं. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. वर्ष झालं होतं. घरी माहीत नव्हतं, कारखान्यात तर नव्हतंच. दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टरने हात वर करा म्हटलं की पैलवान डावा वर करायचा आणि काहीतरी विनोद करायचा, डॉक्टर हसायचा आणि पुढच्याला बोलवायचा. पण हुक विनोदाला हसत नव्हता. भट्टीवरचा हुक निकेलच्या मिश्रधातूचा, मनगटाएवढा जाड, छातीएवढा उंच, अकरा किलो. दिवसातून वीस-बावीस वेळा तो धरून, तोलून, न दिसणाऱ्या कडीत घालायचा.

"सांग ना साहेबांना," कॅटलॉग म्हणाला.

"सांगतो की. मग ते मला झाडू देतील. एकोणीस वर्षं भट्टीवर राहून झाडू मारू?"

कॅटलॉग त्या दिवशी खोलीत जाऊन तक्ते काढून बसला.

डाव्या रकान्यात निकेलचा मिश्रधातू, उजव्यात ॲल्युमिनियमचा, विमानाच्या सांगाड्यात वापरतात तो. वजन बघितलं तर ॲल्युमिनियम निकेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. म्हणजे अकराच्या जागी पावणेचार किलो. मग ताकद बघितली आणि तो खुर्चीतून उठलाच. ओढ सोसण्यात ॲल्युमिनियम निकेलच्या पुढे! त्याने दोनदा बोट ठेवून वाचलं. निकेल वाकायला लागतं त्याच्या जवळजवळ दीडपट ओढीला हे वाकायला लागतं. मग हा अकरा किलोचा धोंडा लोक कशाला उचलतात?

वितळायचं काय, हेही त्याने बघितलं. अगदीच बिनडोक नव्हता तो. पावणेपाचशेच्या पुढे वितळायला लागतं. मोठ्या भट्टीला चालणार नाही, तिथे तर पाणी होईल. पण कमी तापाची भट्टी तीनशेवीसची. मध्ये दीडशे डिग्रीची जागा. आणि मोठ्या भट्टीवर पैलवानाचा जोडीदार असायचा, दांडगा गडी, तो निकेलचा हुक एका हाताने फिरवायचा. प्रश्न फक्त कमी तापाच्या भट्टीचा होता.

साच्याच्या कामातली जाड प्लेट भंगारात पडली होती, त्याच धातूची. दुपारच्या सुट्टीत करवतीवर कापून, आठवडाभर कानस मारून त्याने हुक काढला. चांदीसारखा. मग त्याच प्लेटचा तुकडा ओढायच्या मशीनमध्ये लावला. तक्त्यात होतं त्याहून थोडा जास्तच निघाला. पैलवानाला बोलावून दाखवलं.

"बघ. तुझ्या त्या काळ्या म्हशीपेक्षा ताकदवान."

पैलवानाने हुक हातात घेतला. उजव्या हातात. जरासा वर नेला, खांद्यापर्यंत, आणि थांबला. मग म्हणाला, "हा काय हुक आहे? हा तर चमचा आहे." आणि असा हसला की कॅटलॉगला वाटलं, आपण जन्मात एक तरी काम धड केलं.

कोणी विचारलं तर सांगायचं, ट्रायलवर आहे. कोणी फारसं विचारलं नाही. साहेबांनी जाता-जाता बघितलं, "हे काय नवीन?" म्हणाले आणि फोन आला म्हणून पुढे गेले.

सहा आठवडे सगळं सुरळीत चाललं. पैलवान उजव्या हाताने जेवायला लागला. भट्टीशी उभा राहून शिट्टी मारायला लागला, बेसूर.

सहाव्या आठवड्यात एकदा तो हुक घेऊन खोलीत आला. "ह्याचं तोंड जरा उघडल्यासारखं वाटतंय रे."

कॅटलॉग कुठल्यातरी रिपोर्टवर सही करत होता. मान वर केली, लांबूनच बघितलं. हुक पहिल्या दिवशीसारखाच पांढरा चमकत होता. लोखंड तापलं की निळं पडतं, निकेल काळं पडतं. ह्याच्यावर साधा डागसुद्धा नव्हता.

"डोळे तपासून घे म्हाताऱ्या," तो म्हणाला.

"तू म्हणशील तसं, कॅटलॉग." आणि पैलवान हुक घेऊन गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, आवाज आला. कारखान्यात आवाजांची कमी नसते. पण हा आवाज झाल्यावर बाकीचे सगळे आवाज एकेक करून बंद पडत गेले, त्यावरून कळलं.

बास्केट भट्टीच्या तोंडातून पूर्ण बाहेर आलं होतं. नेहमीसारखं पंख्याखाली दहा मिनिटं टांगून ठेवायचं होतं. टांगलेलं असतानाच हुकचं तोंड उघडत गेलं, बोट सरळ करावं तसं. कडी निसटली. बास्केट कडेवर आदळून कलंडलं आणि त्याची कड पैलवानाच्या उजव्या पायावर आली. त्यावर तीनशे डिग्रीचे भाग सांडले.

जोडीदाराने पहार घालून बास्केट उचललं. कोणी पाणी आणलं, कोणी पाणी नको म्हणून ओरडलं. पैलवान ओरडत नव्हता. तो कॅटलॉगकडे बघत होता आणि ओठ हलवत होता. कॅटलॉगला ऐकू आलं नाही. त्याने नुसती मान हलवली, हो-हो अशी.

ॲम्ब्युलन्स गेली. सगळे फाटकापर्यंत धावले तिच्यामागे. भट्टीपाशी एकटा कॅटलॉग राहिला.

आणि मग त्याने जे केलं, ते करताना त्याचं डोकं अगदी शांत होतं. त्याने होईस्टच्या साखळीतून तो पांढरा हुक सोडवला. अजून गरम होता, हातमोजा घालून सोडवला. मोठ्या भट्टीजवळचा काळा हुक आणला आणि त्याच साखळीला अडकवला. पांढरा गोणपाटात गुंडाळून खोलीत नेला, कपाटात मागे टाकला, कुलूप लावलं. मग मोरीवर जाऊन हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सेफ्टीवाले साहेब आले. टोपी, क्लिपबोर्ड, फोटो. काळा हुक खालून-वरून बघितला, फूटपट्टी लावली. हुक ठीक, साखळी ठीक, होईस्ट ठीक. पांढऱ्या हुकचं कोणी नाव काढलं नाही; मंजुरी नसलेलं हत्यार सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, ते साहेबांपासून सगळ्यांवर आलं असतं. मग दवाखान्यात जाऊन पैलवानाचा जबाब घेतला. पैलवान म्हणाला, कडीत हुक पुरता बसला नव्हता, मी घाई केली, माझी चूक. सही केली.

संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डवर कागद लागला. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा.

त्या दोन शब्दांचा अर्थ तिथे सगळ्यांना माहीत होता. कामावर जखमी झालेल्या माणसाला कारखाना बसून करायचं काम द्यायचा. स्टोअरमध्ये, गेटवर, कुठेतरी. स्वतःच्या चुकीने जखमी झालेल्याला नाही. त्याला घरी बसायचं पत्र जायचं. पत्राची तारीखही ठरली होती, पुढच्या महिन्याची एक.

मशिनवाले चहाला जमले की बोलायचे. "पैलवान झोपला असणार." "शिट्टी मारत होता हल्ली फार." "वय झालं की हे असंच." कॅटलॉग चहाचा कप धरून उभा राहायचा आणि गार झालेला चहा बेसिनमध्ये ओतायचा.

तो दवाखान्यात गेला. पाय पावलाच्या मध्यापासून काढला होता. चादरीखाली एका बाजूला उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला तो लवकर संपत होता.

"वजन अजून कमी झालं," पैलवान म्हणाला. "आता छप्पन पण भरायचं नाही."

वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळल्या. "तुम्हीच विचारा भाऊजी ह्यांना, कसली घाई होती? कोण मागे लागलं होतं? एकोणीस वर्षांत कधी घाई केली नाही आणि आत्ताच कुठे जायचं होतं ह्यांना?"

"अगं, झालं ना आता."

"झालं काय? काय झालं? मला सगळे विचारतात. सख्खा भाऊ विचारतो माझा, दाजी पिऊन होते का म्हणून."

कॅटलॉगने आणलेली केळी टेबलावर ठेवली. जागा नव्हती, तरी ठेवली. आणि तो बाहेर आला.

चार दिवस त्याने कपाट उघडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी दार लावलं, गोणपाट काढलं.

तोंड सरळ झालेला तो हुक टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा नीट बघितला. अजूनही पांढराच. त्याने वरचं टोक, जे होईस्टच्या बाजूला असायचं, भट्टीपासून लांब, ते कडकपणाच्या मशीनखाली धरलं. मशीन एक छोटी गोळी दाबतं. धातू जितका मऊ, तितका खड्डा मोठा. वरचं टोक: एकशेअठ्ठेचाळीस. चांगलं. मग खालचं टोक, जे कडीत असायचं, रोज वीस-बावीस वेळा तीनशेवीस डिग्रीच्या लोखंडाला टेकून.

सहासष्ट.

त्याला वाटलं मशीन चुकलं. दुसऱ्या जागी घेतलं. चौसष्ट. तिसऱ्या जागी सहासष्ट.

मग त्याने जाऊन काळा हुक मागून आणला. जोडीदार म्हणाला, "काय करतोस त्याचं?" "तपासतो," तो म्हणाला. खपल्या धरलेला, वेडावाकडा, अकरा वर्षं दोन्ही भट्ट्यांत बुडून वर आलेला. थोडं घासून जागा केली. वरचं टोक एकशेबावन्न. खालचं टोक एकशेपन्नास.

अकरा वर्षांत दोन.

तो खाली बसला. स्टुलावर नाही, फरशीवर. तक्ता त्याच्या डोळ्यांसमोर होता, पाठच होता. वर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, सगळे आकडे खोलीच्या तापमानाला. ती ओळ त्याने शंभरदा वाचली होती. वाचून सोडून दिली होती, जसं आपण औषधाच्या बाटलीवरचं बारीक काही वाचत नाही. थंडीत दोन्ही धातू पैलवानासारखे दंड थोपटून उभे. तापात एक तसाच उभा राहतो आणि दुसरा आतून विरघळत जातो. वितळत नाही, नुसता मऊ पडतो, रोज थोडा, आणि थंड झाला तरी गेलेली ताकद परत येत नाही. तोंडावरून तर काही कळूच देत नाही. मध्ये दीडशे डिग्रीची जागा आहे म्हणून तो खूश होता. त्या जागेत काय चालतं ते त्याने कधी कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर कॅटलॉग कसला?

आणि पैलवान विचारायला आला होता. हुक हातात घेऊन. दारापर्यंत.

त्याने रजिस्टर काढलं. पुढचं मघाशी सांगितलंच. टोपण काढलं, लावलं, काढलं. मग लिहिलं. कमी तापाच्या भट्टीवरचा हुक, ॲल्युमिनियम. वरचं टोक १४८. खालचं टोक ६६, ६४, ६६. वापर साडेसहा आठवडे. अपघाताच्या वेळी होईस्टला हाच होता. बनवणारा, आणि नंतर लपवणारा: खाली सही केलेला. आणि सही केली.

रजिस्टर साहेबांकडे नेलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं.

"हे आत्ता लिहिलंस?"

"हो साहेब."

"पेनने?"

"हो."

"अरे, मला विचारायचंस तरी आधी!" साहेब उठून दार लावून आले. "गिऱ्हाइकांचे लोक हे रजिस्टर बघतात दर तीन महिन्यांनी. केस बंद झाली होती. तो स्वतः म्हणाला माझी चूक, सही केली. तुला कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग कसली खाज?"

"त्याला घरी बसवणार आहेत साहेब."

साहेब खुर्चीत टेकले. वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. "ऐक. सोमवारी मुख्य ऑफिसमधून माणूस येईल आता. तुला समोर बसवून लेखी घेईल. मंजुरी नसताना हत्यार कोणी बनवलं, का बनवलं, कोणी वापरलं. तू तर जाशीलच. पण वापरणाराही सुटत नाही. का वापरला, असं विचारलं तर?"

"ट्रायल म्हणून मी दिला. त्याला काय माहीत?"

"ते तू म्हणशील. तो काय म्हणेल?" साहेबांनी रजिस्टर बंद करून स्वतःच्या खणात ठेवलं. "जा, आधी त्याला विचारून ये. दोघांच्या तोंडून दोन गोष्टी आल्या तर मी पण काही करू शकणार नाही."

पैलवानाला घरी आणलं होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पलंग, पलंगाला टेकवलेल्या कुबड्या, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. वहिनींनी दार उघडलं, "या भाऊजी," म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून मुलीचा पाढे म्हणायचा आवाज येत होता.

कॅटलॉग स्टूल ओढून बसला आणि सगळं सांगून टाकलं. गोणपाट, कपाट, सहासष्ट, रजिस्टर, सोमवार. एका दमात, मध्ये थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

पैलवान ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "गाढवा."

"हो."

"मी सही केली होती. सगळं मिटवलं होतं."

"माझ्यासाठी कशाला मिटवलंस? मी मागितलं होतं का? मी तुला डोळे तपास म्हणालो, पैलवान. हुक हातात घेऊन आला होतास तू."

"तुझ्यासाठी?" पैलवान हसला. पण ते त्याचं नेहमीचं हसणं नव्हतं. "थोडं तुझ्यासाठी. मोठा शहाणा लागून गेलास. सगळं काय तुझ्याचसाठी असतं?"

आत पाढा अडखळला. वहिनींनी पुढचा आकडा सांगितला. पाढा पुढे गेला.

पैलवानाने आवाज खाली आणला. "हलका हुक का लागला म्हणून विचारतील ना."

"विचारतील. सांगू आपण. तुझा खांदा..."

"श्श." त्याने आतल्या दाराकडे बघितलं. "हिला नाही माहीत. अजून नाही."

"अरे, आता काय त्याचं? पाय गेलाय तुझा!"

"पाय सगळ्यांना दिसतो. सहाशे किलो पडलं, पाय गेला. कुणाचाही गेला असता, दारासिंग असता तरी. पण खांद्यावर काही पडलं नाही रे. कोणी काही केलं नाही. वापरून वापरून गेला, नुसता. ते मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही." तो थांबला. "घाई केली म्हणाले तर म्हणू देत. झोपला होता म्हणू देत. पण उचलवत नव्हतं म्हणून चमचा करून घेतला, असं..."

चादरीची कड तो डाव्या हाताने सारखी करत राहिला.

मग तो सरळ आवाजात बोलला, भट्टीवर बोलायचा तसा. "आणि दुसरं बघ. तुझ्या त्या ओळीने मला स्टोअरमध्ये बसवतील, समजा. स्टोअर म्हणजे काय? फळीवरून सामान काढायचं, फळीवर ठेवायचं. पायाचं काही अडत नाही, स्टूल असतं. पण खांदा गेलाय हे कागदावर आलं की तेही नाही."

कॅटलॉगच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. पुन्हा तेच. अर्धा तक्ता वाचून उठायचं.

"मग मी सोमवारी सांगू काय?" त्याने विचारलं. "माणूस लेखी घेणार आहे. कारण नसताना कोणी हुक बनवतं का?"

"हौस म्हणून केला म्हण. तुला शोभतं."

"हौस."

"स्वतःची अक्कल दाखवायला केला म्हण. मला न सांगता लावला म्हण." पैलवान त्याच्याकडे बघायचं टाळत होता. "तुझ्यावर जास्त येईल. कळतंय मला. मदत म्हणून केलेलं वेगळं आणि मस्ती म्हणून केलेलं वेगळं. पुढे कुठे कामाला गेलास तरी ते कागद मागे येतील. तरी मागतोय. माझं तोंड बघ, मागतोय की नाही."

कॅटलॉगने बघितलं. गाल आत गेले होते, दाढी चार दिवसांची, आणि डोळ्यांत एक अशी लाज की ती बघून त्यालाच खाली बघावंसं वाटलं. खाली बघितलं तर चादर होती. मग त्याने भिंतीकडे बघितलं.

तो हुक त्याने हौसेने केला नव्हता. आयुष्यात एवढ्या मनापासून दुसरं काहीच केलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्याच्या बाजूने होती, आणि नेमकी तीच पैलवान मागत होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय कुजबुज चाललीय दोघांची?"

"कारखान्यातलं," पैलवान म्हणाला. "हा सांगतोय, चूक माझी नव्हती म्हणून. हुकच खराब होता."

वहिनींच्या हातातला कप कलला. त्यांनी तो पटकन टेबलावर ठेवला. "खरं, भाऊजी?"

"खरं वहिनी. मीच बनवला होता. त्याला काही माहीत नव्हतं."

त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी त्याच्यासमोर ठेवलेला कप उचलला, नवऱ्याच्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. आतल्या दाराची कडी लागली.

पैलवानाने डोळे मिटले होते. कॅटलॉग उठला, स्टूल जागेवर ठेवलं. दारापर्यंत गेला, परत आला, आणि वाकून, आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "खांद्याचं एक अक्षर लिहिणार नाही. सोमवारी नाही, नंतरही नाही, कोणी कितीही खोदून विचारलं तरी. हौस म्हणून केला, तुला न विचारता लावला, एवढंच. शब्द दिला."

पैलवानाने मान हलवली, हो-हो अशी, डोळे न उघडता.